दर पस्तिसाव्या दिवशी

सेमानू, गुनुंगकिदुल
१२ एप्रिल २००१

धिक वेनिंग,

आम्ही सगळे सुखरूप आहोत असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते.

काल बुधवारी बाजारातून दोन वाजता घरी आले, तर सिम्बोक स्वयंपाकघरात खांबाला टेकून बसलेली. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. मला बघून म्हणाली, ऊन लागलं. घरात बसून ऊन कसं लागलं ते मला कळलं नाही. मागच्या महिन्यात आरोग्य केंद्रात साखर तपासली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या की बऱ्यापैकी आटोक्यात आहे. माझी खात्री आहे की आपली आई चोरून गोड खाते. शेजारच्या बू पारयेमकडे आज बारसं, उद्या चाळिसावा, काही ना काही चालूच असतं. मी साखरेचा डबा आणि गूळ दोन्ही कुलपात टाकलंय. किल्ली माझ्या कमरेला.

माझं म्हणशील तर तेच. तीनला उठायचं, विकायच्या टेंपेच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या पुड्या मोजायच्या, चारला सिम्बोकला उठवून तिची साखरेची गोळी आणि दाबाची अर्धी गोळी हातावर ठेवायची, भात झाकून ठेवायचा आणि बाजारवार पहिंग नाहीतर वागे असेल तर बाजार गाठायचा. आल्यावर तिचे पाय धुवायचे, बोटं फाकवून बघायची. अंगठ्याची जखम दोन महिने झाले तशीच आहे. तुझे भावजी सेमारांगला भिंती बांधतात आणि सणाला येऊन विचारतात, आई बारीक का झाली?

ती रोज भिंतीवरच्या कॅलेंडरात ऑक्टोबरचं पान उचलून बघते. तुझ्या परदेशातल्या नोकरीची दोन वर्षं ऑक्टोबरात भरतात ना? नक्की तारीख कळव.

तुझी थोरली म्बाक,
गियार्ती

*

ताइचुंग
३० एप्रिल २००१

म्बाक,

पत्र चौदा दिवसांनी मिळालं. मी ज्यांना सांभाळते ते आजोबा दुपारचे झोपलेत तेवढ्यात लिहिते आहे.

आजोबांनाही साखर आहे, शिवाय डावी बाजू गेलेली. रोज सकाळी मी त्यांच्या बोटाला टोचते आणि यंत्रातला आकडा वहीत मांडते. मुलगा वरच्या मजल्यावर राहतो. तो संध्याकाळी खाली येतो, वही बघतो आणि वर जातो, बापाकडे बघायला विसरतो. मी त्यांचे पाय धुते तेव्हा दरवेळी सिम्बोकचे पाय डोळ्यांपुढे येतात. परक्याच्या बापाची बोटं फाकवून बघते आणि आईची तू बघतेस. हा हिशेब मला कधी नीट लागत नाही.

सिम्बोकला फार रागावू नकोस. तिने आयुष्यभर पाहुण्याला गोड चहा दिलाय, आता तिच्याच कपातली साखर काढली तर तिला ती शिक्षाच वाटणार. अंगठ्याच्या जखमेला कोमट मिठाचं पाणी नको, साधं उकळून गार केलेलं पाणी वापर आणि कोरडी ठेव.

तारखेचं अजून एजंटाने काही कळवलेलं नाही. कळलं की लिहिते.

वेनिंग

*

सेमानू
१८ मे २००१

धिक वेनिंग,

परवा सोळा तारखेला सिम्बोक विहिरीपाशी पडली. गुडघा सोलला, हाड वाचलं. मी नेमकी बाजारात होते. बू पारयेमने निरोप धाडला, टेंपेची पाटी दुसरीच्या ताब्यात देऊन धावत आले. तोच घाम, तीच थरथर, आणि डोळे असे की मला ओळखतच नव्हती. मला म्हणाली, ‘‘मावशी, कधी आलात?’’

साखर चढली असणार हे उघड होतं. मी कडू पाल्याचा काढा केला आणि साखरेची आणखी अर्धी गोळी दिली. त्यावर ती जी झोपली ती उठेचना. हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. त्या बू पारयेमला दुसरं काही सुचत नाही, कुणी मेलं तरी ती त्याच्या तोंडात गोड चहाच घालील. तिने चमच्याने चहा पाजला. मी तिच्यावर ओरडले, साखरेच्या पेशंटला साखर पाजतेस? ती रडत घरी गेली. थोड्या वेळाने सिम्बोकने डोळे उघडले. काढा उशिरा का होईना लागू पडला.

रात्रीपर्यंत मी तिच्याशेजारी बसून होते. तिने एवढंच विचारलं, वेनिंगचं पत्र आलं का? दिवसभर मी मरमर मरते, आणि शुद्धीवर आल्यावर नाव तुझं.

तारीख?

गियार्ती

*

ताइचुंग
३ जून २००१

म्बाक,

हे पत्र वाचून होईपर्यंत दुसरं काही करू नकोस.

घाम, थरथर, माणूस न ओळखणं, ही साखर चढल्याची नाही, उतरल्याची खूण आहे. गोळी पोटात आणि अन्न कमी, असं झालं की साखर खाली जाते. तेव्हा आणखी गोळी दिली तर माणूस झोपेतच जातो. सिम्बोकला त्या दिवशी काढ्याने नाही, बू पारयेमच्या चहाने जागं केलं. तिच्याकडे जा आणि तिची माफी माग.

आजोबांना एकदा असं झालं होतं. नर्सने मला तेव्हा शिकवलं, आधी तीन चमचे साखर पाण्यातून, मग भात. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना. कुलूप काढ, म्बाक. साखर तिच्या हाताशी असू दे. आणि ती सकाळी खरंच जेवते का, तेवढं बघ.

तुझ्यावर आरोप करत नाही. मला कुणी शिकवलं नसतं तर मीही हेच केलं असतं.

वेनिंग

*

सेमानू
५ जुलै २००१

धिक वेनिंग,

उंटावरून शेळ्या हाकायला छान जमतं तुला. तीन हजार कोसांवरून कुलूप काढ, माफी माग, हे कर, ते कर. तुझ्या हाताशी यंत्र आहे, नर्स आहे, आजारी माणूस एक आणि पगार वेगळा. इथे मी एकटी आहे. पत्र वाचून मी ते चुलीत घालणार होते.

घातलं नाही. सोमवारी, दोन तारखेला, पुन्हा तसंच झालं. बाजारातून आले तर ती दारात भिंत धरून उभी, ओठ पांढरे. मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पाव तासात माणसात आली आणि म्हणाली, ‘‘डब्याचं कुलूप कुठे गेलं?’’

तुझं खरं ठरलं. आता मलाच झोप नाही. मे महिन्यात मी स्वतःच्या हाताने तिला आणखी अर्धी गोळी दिली होती. बू पारयेम नसती तर मी आईला मारलं असतं आणि वर छान काढा केला म्हणून सांगत फिरले असते. तिच्याकडे गेले होते. तिने माफीबिफी काही ऐकली नाही, गोड चहा दिला.

एक मात्र माझ्या लक्षात आलंय. हे नेहमी बाजाराच्या दिवशीच होतं. मी घरात नसते, झाकून ठेवलेला भात ती खायची विसरत असणार. म्हणून मी बाजार सोडला. टेंपे आता घरूनच जेवढं जाईल तेवढं. नशीब सिम्बोकने विचारलं नाही की कमाईचं काय.

तू तारखेचं पुन्हा काही लिहिलं नाहीस. इतकं ताकास तूर लागू न देण्यासारखं काय आहे त्यात?

गियार्ती

*

सेमानू
२७ जुलै २००१

धिक वेनिंग,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण माझे हात टेकलेत.

परवा पंचवीस तारखेला मी दिवसभर घरी होते. पहाटे गोळी माझ्यासमोर घेतली. भाताची थाळी घेऊन नेहमीसारखी मागच्या पायरीवर बसली, तिला तिथेच आवडतं. थाळी स्वच्छ होऊन आली, मी स्वतः घासली. दुपारी मी सोयाबीन धूत होते, तर आतून भांडं पडल्याचा आवाज. जमिनीवर पडलेली होती. या वेळी साखर गिळता येत नव्हती. पाक जुमेनोच्या टेम्पोत घालून आरोग्य केंद्रात नेली, सुई लागली, तेव्हा कुठे बोलली.

डॉक्टर तरुण पोरगी आहे, बरी आहे. म्हणते, जेवण आणि गोळी दोन्ही नीट असताना असं व्हायला नको. तिने तारखा लिहून आणायला सांगितल्या. मी केंद्राच्या कार्डावर खुणा केल्या होत्या. तुझ्या नर्सला विचार, म्हणून तुलाही लिहिते: अकरा एप्रिल. सोळा मे. दोन जुलै. पंचवीस जुलै. मधल्या काळात एकदोनदा नुसती पडून होती, ते दिवस मी लिहिले नाहीत.

बू पारयेम म्हणते, विहिरीपाशी काहीतरी आहे, फुलं ठेव. ठेवली. आता काहीही ठेवीन.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, तुला सांगते. टेम्पोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या मनात आलं, ही गेली तर मी झोपेन. दोन दिवस सलग झोपेन. मग त्या विचाराचीच भीती वाटली आणि मी तिच्या तळव्यांना इतकं चोळलं की ती ओरडली. मी वाईट नाही, वेनिंग. मी दमले आहे. पण कधी कधी त्यातला फरक मला कळत नाही.

म्बाक

*

ताइचुंग
११ ऑगस्ट २००१

म्बाक,

हे पत्र मी जलद टपालाने पाठवते आहे. एकोणतीस ऑगस्टच्या आत ते तुला मिळालंच पाहिजे. का ते सांगते.

तुझ्या तारखा नर्सला दाखवल्या. तिला काही कळलं नाही, कळणारही नव्हतं. संध्याकाळी आजोबांना भरवताना मी त्या मनात घोळवत होते. अकरा एप्रिल ते सोळा मे, बरोबर पस्तीस दिवस. सोळा मेपासून पंचवीस जुलै, सत्तर. म्हणजे पस्तीसचे दोन फेरे. माझा चमचा हवेतच राहिला. इथल्या कॅलेंडरात आपले बाजारवार नसतात. मी बोटांवर मोजत गेले, पहिंग, पोन, वागे, क्लिवोन, लगी. तिन्ही दिवस बुध पहिंग निघाले.

बुध पहिंग हा माझा वेतोन, म्बाक. ज्या वारी आणि ज्या बाजारवारी मी जन्मले तो दिवस, सात वार आणि पाच बाजारवार फिरून पस्तीस दिवसांनी परत येणारा. तू केंद्राच्या कार्डावर खुणा केल्यास, त्यावर नुसते आकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं असतंस तर तुलाच दिसलं असतं. काखेत कळसा आणि आपण दोघी सगळा गाव हिंडलो.

ती माझ्यासाठी उपास करते. आजी करायची, गल्लीतल्या सगळ्या आया करतात, मुलाच्या वेतोनला पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत पाणीसुद्धा नाही. तू उजाडण्याआधी हातावर ठेवलेली गोळी ती घेते, कारण तुला शब्द दिलाय. आणि नंतर काही खात नाही, कारण उपास माझ्यासाठी. थाळीतला भात कुठे जातो ते तूच शोध.

तुझं बाजाराला जाणं याचं कारण नव्हतं. बाजार दर दोन-तीन दिवसांनी भरतो, ती काय दर बाजाराला पडत नव्हती. बाजार पुन्हा सुरू कर.

आता माझं. मला लाज वाटते आहे, पण लपवून हे पत्र लिहिता येणार नाही. मी ऑक्टोबरात येत नाही. एप्रिलमध्येच पुढच्या वर्षाच्या करारावर सही केली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा सही वाळलेली होती. आजोबा मला सोडायला तयार नाहीत आणि घराचं छप्पर अर्ध्यावर आहे, ही दोन्ही कारणं खरी आहेत. तिसरं असं की परत आल्यावर सिम्बोकचं सगळं निम्मं माझ्या अंगावर येईल याची मला भीती वाटली. तू दमल्याचं लिहिलंस. मी दमण्याआधीच पळाले. आणि ती बाई मी ऑक्टोबरात सुखरूप यावी म्हणून उपाशी राहून विहिरीपाशी पडते.

एक राहिलं. दोन जुलै पस्तीसच्या फेऱ्यात बसत नाही. मला आधी वाटलं तुझी तारीख चुकली. मग मोजलं. दोन जुलैला सोम वागे होता.

सोम वागे कुणाचा, ते तू विसरली आहेस, म्बाक. तुझा आहे.

वेनिंग

*

सेमानू
१० सप्टेंबर २००१

वेनिंग,

पत्र सत्तावीसला मिळालं. सहीचं वाचलं. मला ते आवडलेलं नाही आणि हे पत्र संपेपर्यंतही आवडणार नाही. पण भीतीचं लिहिलंस म्हणून तुला शिव्या देता येत नाहीत. टेम्पोतलं मीही लिहिलं होतं.

एकोणतीसला पहाटे मी गोळी हातावर ठेवलीच नाही. मुठीत धरली आणि दाराआडून बघत राहिले. सिम्बोक थाळी घेऊन मागच्या पायरीवर गेली, कोंबड्यांना हाक मारली आणि सगळा भात त्यांच्यापुढे टाकला. मग थाळी हाताने पुसली आणि हात लुंगीला. आपल्या कोंबड्या गल्लीत सगळ्यांत गुबगुबीत का, हे मला दोन वर्षं कळत नव्हतं.

मी जाऊन शेजारी बसले आणि म्हटलं, आज बुध पहिंग आहे ना? तिने कोंबड्यांकडे बघत मान हलवली. मी रागावले, समजावलं, डॉक्टरचं सांगितलं, तुझं सगळं पत्र वाचून दाखवलं. सहीचंही. त्यावर तिने एवढंच विचारलं, छपराला पत्रे लागतील की कौलं?

मग मला राहवलं नाही. मी विचारलं, तिच्यासाठी धरतेस ते कळलं, पण मी तर इथेच आहे, माझ्यासाठी कशाला?

तिने थाळी पायरीवर उपडी ठेवली. मग म्हणाली, ‘‘तुझी तू चालायला लागलीस तेव्हापासून धरते. आता तू मला चूल पेटवू देत नाहीस, बादली उचलू देत नाहीस. माझे पाय तू धुतेस, गोळ्या तू देतेस. तू पहाटे तीनला उठतेस तेव्हा मी जागी असते. भिंतीला हात लावत लावत जातेस, ते मला दिसतं. आईने लेकीसाठी काय करायचं मग? उपाशी तरी राहू दे मला.’’

चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, त्या पायरीवर कोंबड्यांच्या मध्ये बसून रडले. गेली दोन वर्षं मला वाटत होतं की या घरात माझी आठवण फक्त गोळ्यांच्या वेळी होते.

डॉक्टरने गोळी निम्मी केलीय आणि गोळी चालू असताना उपास बंद म्हणून बजावलंय. सिम्बोक तिच्यापुढे हो म्हणाली. तिच्या हो ला काही अर्थ नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणून मी मशिदीतल्या पाक मोदिनना घरी बोलावलं. ते म्हणाले, रमजानचा उपास ज्याला झेपत नाही तो एका भुकेल्या माणसाला जेवू घालतो, आणि तो उपास भरतो. वेतोनलाही चालेल का, असं सिम्बोकने खोदून खोदून विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, पुस्तकात काही लिहिलेलं नाही, पण एका आईने कुणाचं तरी पोट भरलं तर देव तक्रार करणार नाही. सिम्बोक तीन दिवस विचार करत होती.

आज सोम वागे. पहाटे मी उठले तर चूल पेटलेली होती. तिने तांदळाची खीर केली होती, एका वाटीत पांढरी, दुसरीत गूळ घालून लाल. हात थोडा भाजलाय, मी ओरडले नाही. मी म्हटलं, गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या पाक कारसोला बोलावून आणते, तो उपाशीच असतो. तिने मला हाताने धरून खाली बसवलं.

‘‘लांब कशाला जायचं,’’ म्हणाली, ‘‘या घरात तुझ्याहून भुकेलं कोण आहे?’’

तिने मला चमच्याने भरवलं. मी चमचा मागितला तर दिला नाही. लाल वाटी पूर्ण मला, पांढरी तिने स्वतः खाल्ली, आणि लालमधलं एक बोट चाखलं. ते एक बोट मी कार्डावर लिहिलेलं नाही. मग मी तिथेच चटईवर आडवी झाले, जरा पाठ टेकावी म्हणून. उठले तर दुपारची अजान होत होती. अंगावर तिचं जुनं बाटिक होतं. ती पायरीवर बसून बू पारयेमला दबक्या आवाजात सांगत होती, आत येऊ नकोस, मोठी झोपली आहे. टेंपे अर्धं वाया गेलं. जाऊ दे.

पुढचा बुध पहिंग तीन ऑक्टोबरला येतो. सिम्बोकने विचारलंय, तिकडे तुझ्याजवळ भुकेलं कोण आहे? मी सांगितलं, एक म्हातारा आहे, त्याचा मुलगा फक्त वही बघतो. ती म्हणाली, मग त्या दिवशी त्याला पोटभर घाल आणि तूही त्याच्याबरोबर बसून जेव, उभ्याने नको. इथे ती माझ्याबरोबर जेवील. मी बाजारातून लवकर येईन.

परत कधी येतेस, ते आता मी विचारत नाही. तिने मात्र बू पारयेमच्या मुलाकडे पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मागितलंय, बाजारवार छापलेलं.

तुझी म्बाक